समास, संधी आणि तीनशे ग्रॅमचा कॅलिपर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते गुरुजी विज्ञानाचे. मी जन्मभर मराठी शिकविले. व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन संस्थेचे चिटणीस घरी आले, तेव्हा ‘संतवाङ्मयावर काही बोला’ अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गुरुजींच्या नावाने भरणाऱ्या सभेत एकदा तरी त्यांच्या विषयावर बोलावे, अशी इच्छा माझ्या मनात बरीच वर्षे होती. त्यातून जो विषय मी निवडला आहे त्याचा आपल्या हैदराबाद शहराशी जवळचा संबंध आहे, आणि आपल्या शाळेच्या लांब व्हरांड्याशीही आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

विषय आहे संमिश्र द्रव्यांचा. इंग्रजीत ज्यांना ‘कॉम्पोझिट मटेरिअल’ म्हणतात ती ही द्रव्ये. बाजारात आपण ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतो, म्हणजे फायबरची टाकी, फायबरचा पत्रा, फायबरचे दार, ते सारे याच कुळातले. त्याच कुळातील उच्चभ्रू घराणी विमानाच्या पंखांत आणि अग्निबाणांच्या नळकांड्यांत नांदतात.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. ती माझी खोड आहे, ती आपण सहन करालच. ज्या शहरात 1917 साली दारुल तर्जुमा स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी रसायन, वैद्यक आणि यंत्रविद्या यांचे ग्रंथ तेथे उर्दूत उतरविले गेले, त्या शहरात परिभाषेची चर्चा अस्थानी ठरू नये. मराठीत ‘कॉम्पाउंड’ला आपण संयुग म्हणतो आणि ‘अलॉय’ला मिश्रधातू. मग ‘कॉम्पोझिट’साठी संमिश्र हा शब्द घेतला, तर मिश्रधातू आणि संमिश्र यांत फरक कोणता, असा प्रश्न कोणीही विचारील. शब्द पुरेसा वेगळा नाही, हे मला मान्य आहे. पण भेद समजावून देण्यास व्याकरण आपल्या मदतीला येते.

सूर्य आणि उदय या शब्दांचा संधी होऊन सूर्योदय होतो. अ गेला, उ गेला आणि त्या दोघांच्या जागी ओ आला. त्या ओ-कडे पाहून त्यातला अ किती आणि उ किती, हे कोणी सांगू शकणार नाही. तांबे आणि जस्त एकत्र वितळवून पितळ होते, ते असे. याउलट समास पाहा. ‘आईबाप’ म्हटले की आई आईच राहते आणि बाप बापच. दोन्ही पदे शेजारीशेजारी उभी असतात, मोजता येतात, सोडविता येतात, आणि तरीही जोडशब्दाचे काम करतात. संमिश्र द्रव्य म्हणजे द्रव्यांचा समास. त्यात काचेचा तंतू काचच राहतो, राळ राळच राहते, दोहोंमधली सीमारेषा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. आणि पुष्कळदा हा समास बहुव्रीही असतो. ‘नीलकंठ’ हा शब्द निळा रंगही सांगत नाही आणि गळाही सांगत नाही, तो तिसऱ्याच कोणाकडे बोट दाखवितो. काच ठिसूळ, राळ मऊ, आणि त्यांच्या समासातून निघते ती होडी, जी लाटांचे तडाखे वर्षानुवर्षे खाते. धातुशास्त्राचे जाणकार या ठिकाणी मान हलवतील, कारण पोलादाच्या पोटातही निरनिराळे कण शेजारीशेजारी बसलेले असतात. त्यांची हरकत योग्य आहे. उपमा सर्वांगी कधीच नसते.

कल्पना जुनी आहे. कुडाच्या भिंतीसाठी मातीत भुसा किंवा काड कालवतात, ते कशासाठी? नुसती माती वाळताना तडकते. काडाचे धागे तड पुढे जाऊ देत नाहीत. जुन्या काळची उत्तम कमाण लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायुतंतू सरसाने चिकटवून घडवीत. वाकताना जी बाजू ताणली जाते तिकडे स्नायू, जी दाबली जाते तिकडे शिंग. आपले हाड म्हणजेही कोलॅजेन नावाचे चिवट तंतू आणि कॅल्शियमचे कठीण खनिज यांचा समास होय. बांबूविषयी काय बोलावे! त्याला उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो, आडवा तोडायचा तर घाम निघतो. या बांबूची आठवण ठेवावी, तिच्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही.

काचेसारख्या ठिसूळ वस्तूचा तंतू बळकट कसा, या प्रश्नाचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1920 साली दिले. त्याने काचेचे बारीक बारीक तंतू ओढून तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितके त्याचे बळ दर चौरस मिलिमीटरला अधिक भरले. काच दुबळी असते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांमुळे. मोठ्या तावदानात मोठी चीर असण्यास वाव असतो, केसाहून बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. आता असे हजारो तंतू शेजारीशेजारी ठेवले आणि त्यांच्यामध्ये राळ भरली, तर काय होईल? एखादा तंतू तुटला तरी त्याची चीर राळेपाशी थबकते, आणि त्याने वाहिलेला भार राळेमार्फत शेजारच्या तंतूंवर जातो. सुटी काटकी सहज मोडते, मोळी मोडत नाही, ही गोष्ट आपण तिसरीच्या पुस्तकात वाचली. येथे मोळी बांधणारी दोरी म्हणजे राळ.

काचतंतूंचे कारखानी उत्पादन अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात सुरू झाले. कार्बनतंतूंची पूर्वपीठिका एडिसनच्या दिव्यातील जळक्या बांबूपर्यंत नेता येते. परंतु खऱ्या अर्थाने बळकट तंतू हाती आले ते 1958 साली अमेरिकेत रॉजर बेकन यांनी, नंतर जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि 1960 नंतर इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधकांनी केलेल्या कामातून. कार्बनतंतूचा व्यास पाच ते सात मायक्रॉन असतो. माणसाचा केस सुमारे सत्तर. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे 7.8 पट, अल्युमिनियमची 2.7 पट, तर कार्बनतंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या संमिश्राची 1.6 पटीच्या आसपास. म्हणजे वजन पोलादाच्या पाचव्या हिश्श्याचे आणि तंतूंच्या दिशेने बळ पोलादाला मागे टाकणारे.

‘तंतूंच्या दिशेने’ हे शब्द मी जाणूनबुजून उच्चारले. सर्व तंतू एकाच दिशेने बसविलेल्या अशा पत्र्याचे त्या दिशेतील बळ आडव्या दिशेतील बळाच्या तीसपट भरू शकते. हाच तो बांबू. लोखंडाला दिशा नसते, कोठूनही ओढा, ते सारखेच. म्हणून लोखंडाचा अभियंता प्रथम द्रव्य निवडतो आणि मग आकार ठरवितो. संमिश्राच्या अभियंत्याला ही सोय नाही. वस्तू घडत असतानाच त्याचे द्रव्यही घडत असते. कोणत्या थरातील तंतू कोणत्या दिशेने जातील, असे किती थर, कोणत्या क्रमाने, हे त्याला आधी ठरवावे लागते. काही थर लांबीच्या दिशेने, काही आडवे, काही पंचेचाळीस अंशांत तिरपे. तिरपे थर पीळ सहन करतात. शिवाय मध्यरेषेच्या वर जसा क्रम तसाच उलट क्रम खाली असावा लागतो. नाहीतर भट्टीतून निघालेला पत्रा थंड होताना उन्हात घातलेल्या पापडासारखा वळतो, कारण प्रत्येक थर आपापल्या दिशेने कमीअधिक आकसत असतो.

याचे सुबक उदाहरण म्हणजे अग्निबाणाच्या इंधनाचे नळकांडे. दोन्ही टोके बंद असलेल्या नळकांड्यात वायूचा दाब वाढला, की परिघाच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेतील ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. पोलादाच्या नळकांड्याची जाडी मोठ्या ताणास पुरेल अशी ठेवावी लागते, आणि मग लांबीच्या दिशेने निम्मे बळ फुकट जाते. संमिश्रात राळेत भिजविलेले तंतू फिरत्या साच्यावर गुंडाळतात, चातीवर सूत गुंडाळावे तसे. ते अक्षाशी सुमारे पंचावन्न अंशांचा कोन करून गुंडाळले, तर परिघाला दोन वाटे आणि लांबीला एक वाटा, असे बळ आपोआप वाटले जाते. गरज असेल तेथेच आणि तेवढेच द्रव्य. आमच्या अलंकारशास्त्रात औचित्यविचार म्हणून एक प्रकरण आहे, त्याची मला या ठिकाणी आठवण झाली.

आता कारखान्यात जाऊ. माझा एक जुना विद्यार्थी बाळानगरला फायबरच्या वस्तू बनविणाऱ्या एका लहानशा कारखान्यात काम करीत असे. मराठीत तो जेमतेम उत्तीर्ण झाला होता, परंतु मला जे काही ठाऊक आहे त्यातील निम्मे त्याने दाखविले. हाताने थर देण्याची पद्धत अशी. प्रथम साचा घासूनपुसून त्याला मेण लावायचे. एकदा नव्हे, चार-पाच वेळा, आणि दर वेळी पुसून चकचकीत करायचे. येथे आळस केला, तर वस्तू साच्याला कायमची चिकटते. मग रंगीत राळेचा एक पातळ हात. वस्तूचा दर्शनी तजेला त्यातून येतो. तो अर्धवट वाळला, की काचतंतूंची मॅट कापून बसवायची, तिच्यावर ब्रशने राळ थापायची आणि खाचांच्या लोखंडी रोलरने दाबून आतली हवा बाहेर काढायची. मग दुसरा थर, मग तिसरा. राळेत हार्डनर मिसळल्याबरोबर घड्याळ सुरू होते. मे महिन्याच्या उन्हात हार्डनर कमी घालावा लागतो. बादलीभर राळ एकदम कालवून ठेवली, तर ती बादलीतच तापते, धूर सोडते आणि दगड होते. त्या कारखान्यात अशा दगड झालेल्या दोन बादल्या दाराशी ठेवलेल्या होत्या. नव्या मुलांना दाखविण्यासाठी, असे माझा विद्यार्थी म्हणाला.

रोलर फिरविणारा कामगार साधारण विशीचा होता. त्याच्या हातांवर लाल पुरळ होते, कारण काचतंतूंचा भुगा कातडीत घुसतो. खोलीत राळेतील स्टायरीनचा उग्र दर्प कोंडलेला होता आणि नाकाला बांधलेला रुमाल त्याला अडविण्यास सर्वथा अपुरा. योग्य गाळणीचा मुखवटा आणि वायुवीजन असलेच पाहिजे, अशी ही जागा. ‘फायबर हलके असते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते हलकेपण कोणाच्या अंगावर पुरळ उठवून आले, हेही माहीत असावे. त्याच मुलाच्या मनगटावर वस्तूचा भरवसा अवलंबून होता. त्याने एक फुगा आत राहू दिला, तर त्या जागी दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत. वरून काहीच दिसत नाही. माझा विद्यार्थी पाच रुपयांचे नाणे घेऊन तयार वस्तूवर टकटक करीत चालला होता. एके ठिकाणी आवाज बसका आला आणि त्याने तेथे खडूने फुली मारली. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या आपल्या आज्यांना ही परीक्षा कोणी शिकविली नव्हती.

विमानाच्या भागांसाठी हीच क्रिया सोवळ्यात चालते. राळ आधीच भिनविलेला कार्बनतंतूंचा कापडासारखा पट्टा उणे अठरा अंशांच्या शीतपेटीत ठेवतात, कारण उबेत राळ पिकू लागते. धूळविरहित खोलीत तो कापून साच्यावर थरांवर थर बसवितात. मग त्यावर पिशवी घालून हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या अवाढव्य दाबपात्रात, वायुमंडलाच्या सहा-सात पट दाबाखाली, पुष्कळदा 180 अंशांपर्यंत तापवून काही तास ठेवतात. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरचा हा थोरला भाऊ. 4 जानेवारी 2001 रोजी बंगळुरूला प्रथम उडालेल्या ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे पंचेचाळीस टक्के भाग अशा संमिश्रांचा आहे. 2011 पासून प्रवासी वाहतुकीत असलेल्या बोइंग 787 मध्ये हे प्रमाण निम्मे आहे.

आणि आपले हैदराबाद? 1982 साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम कांचनबागच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक म्हणून येथे आले. ‘अग्नी’ क्षेपणास्त्राचे पहिले उड्डाण 22 मे 1989 रोजी झाले. वातावरणात परत शिरताना क्षेपणास्त्राच्या नाकाशी तापमान अडीच हजार अंशांच्या पुढे जाते आणि आतील यंत्रसामग्री मात्र थंड राहावी लागते. त्यासाठी येथील शास्त्रज्ञांनी कार्बन-कार्बन हे संमिश्र सिद्ध केले. त्यात तंतूही कार्बनचा आणि त्यांना धरणारे आधारद्रव्यही कार्बनचेच. राळेत भिजविलेले तंतू हवेवाचून भट्टीत जाळले, की राळेचा कोळसा उरतो, पण त्यात छिद्रे पडतात. पुन्हा राळ भरायची, पुन्हा जाळायचे. अशी आवर्तने अनेक वेळा करावी लागतात, आणि एक वस्तू तयार व्हायला महिने लागतात.

याच काळातली पुढची हकिकत स्वतः कलामांनी आपल्या भाषणांतून वारंवार सांगितली. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील एक अस्थिरोगतज्ज्ञ प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी तो पदार्थ हातात उचलून पाहिला. त्याच्या हलकेपणाचे त्यांना इतके आश्चर्य वाटले, की ते कलामांना थेट आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. तेथे लहान मुले-मुली तीन किलोहून जड धातूचे कॅलिपर पायाला बांधून पाय फरफटत चालत होती. तीन आठवड्यांत प्रयोगशाळेने तीनशे ग्रॅमचे साधन करून दिले. मुलांचा विश्वास बसेना आणि आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले.

आपल्या शाळेच्या व्हरांड्याचा संबंध येथे येतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगत नाही, समोर बसलेल्यांपैकी काहींना ते ठाऊक आहे. तो येत असे तेव्हा शहाबादी फरशीवर लोखंडाचा आवाज आधी येई. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी बिजागरी आणि तिला खिट्टी. आम्ही मुले त्या आवाजाची नक्कल करीत असू. एकदा गुरुजींनी ती ऐकली. ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हा चौघांना प्रयोगशाळेत नेले, तराजूची दोन-दोन शेरांची वजने सुतळीने आमच्या पोटरीला बांधली, आणि ‘आता मधल्या सुटीपर्यंत असेच राहा’ असे म्हणून ते निघून गेले.

लोखंडाला मांडीपर्यंत जावे का लागे, आणि हलके साधन गुडघ्याखालीच कसे थांबू शकले, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण खरी रचनाबुद्धी तेथे आहे. पोलिओत मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला, की पाय टेकल्यावर गुडघा मुडपतो. म्हणून अशी मुले मांडीवर हात टेकून गुडघा मागे रेटत चालतात. लोखंडी कॅलिपर गुडघ्याला सरळ कुलूप घालतो, एवढाच त्याचा उपाय. नव्या साधनाचे इंग्रजी नाव ‘फ्लोअर रिअॅक्शन ऑर्थोसिस’. ते जमिनीच्या प्रतिक्रियेला कामाला लावते. तळपायाखालची पट्टी, घोट्याभोवतीची ताठ कड आणि नडगीच्या वरच्या भागाला पुढून टेकणारे एक कवच, असा त्याचा एकसंध आकार. घोटा किंचित खाली झुकलेल्या स्थितीत पक्का धरलेला असतो. मूल पुढे झुकले, की जमिनीचा वर येणारा रेटा गुडघ्याच्या पुढून जातो, कवच नडगीला मागे ढकलते आणि गुडघा आपोआप ताठ होतो. जे काम हात मांडीवर टेकून करावे लागे, ते जमीनच करू लागते. न्यूटनचा तिसरा नियम आम्ही त्याच वर्गात घोकला होता.

परंतु यासाठी घोट्यापाशी साधन जराही लवता कामा नये. ते तेथे वाकले, तर रेटा गुडघ्याच्या मागे पडतो आणि सारी युक्ती फसते. साधे प्लॅस्टिक हलके असते खरे, पण ते लवते. लोखंड ताठ असते, पण जड. ताठपणा आणि हलकेपणा एकत्र हवा असेल, तर तंतूंना शरण जावे लागते. असे कवच थरांनी घडविताना घोट्याच्या दोन्ही अंगांना तंतूंचे जादा थर देता येतात आणि पोटरीकडे द्रव्य पातळ ठेवता येते. शिवाय प्रत्येक पाय निराळा. आधी पायाचा प्लॅस्टरचा ठसा घ्यायचा, त्यातून भरीव प्रतिकृती काढायची, हाड जेथे टोचेल तेथे थोडे प्लॅस्टर वाढवायचे, जेथे घट्ट धरायला हवे तेथे घासायचे, आणि मग त्या प्रतिकृतीवर कवच घडवायचे. चार मिलिमीटरची चूक झाली, तर मुलाच्या नडगीवर जखम होते. मूल वाढते, तसे नवे माप घ्यावे लागते. तीन आठवड्यांत पहिले साधन झाले ही गोष्ट प्रेरक खरीच, परंतु पुढे एकेका पायासाठी ठसे घेत, घासत, पुन्हा घालून पाहत बसणाऱ्या कारागिरांचे काम कोणत्याही भाषणात मावत नाही.

या द्रव्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर गुरुजी मला वर्गाबाहेर उभे करतील. लोखंड मार खाल्ला की पोचा दाखविते, वाकते, कुरकुरते. संमिश्र बाहेरून तसेच दिसते आणि आतले थर सुटलेले असतात. अंगावर हत्यार पडले तरी पृष्ठभागावर जेमतेम ठिपका उमटतो. इंग्लंडच्या रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी 211 इंजिनासाठी कार्बनतंतूंची पाती केली होती. आदळणाऱ्या पक्ष्याचा तडाखा त्यांना सोसेना, तेव्हा टायटॅनियमकडे वळावे लागले. त्या इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि 1971 च्या फेब्रुवारीत कंपनीचे दिवाळे निघाले. आणि 18 जून 2023 रोजी ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यास निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी अटलांटिकच्या खोल पाण्यात चिरडून तिच्यातील पाचही जण दगावले. तिचे नळकांडे सुमारे पाच इंच जाडीचे, कार्बनतंतूंचे होते. तंतू ओढ सोसण्यात पराक्रमी असतो. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. समुद्रतळी मात्र चहूबाजूंनी दाबच दाब. 2024 च्या चौकशीत त्या कवचाच्या थरांत सुरकुत्या आणि पोकळ्या आढळल्याचे सांगण्यात आले. आदल्या वर्षी, 15 जुलै 2022 रोजी, एका फेरीच्या अखेरीस मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर मापनयंत्रांचे आकडे बदलले होते, हेही पुढे आले. मडके बसके वाजले होते. कोणी खडूने फुली मारली नाही.

दुसरा दोष म्हणजे या द्रव्यांना मरण नीट येत नाही. इपॉक्सीसारखी राळ एकदा पिकली की पुन्हा वितळत नाही. पितळेचे भांडे मोडीत घालता येते, फायबरची फुटकी टाकी कोणीही घेत नाही. पवनचक्क्यांची थोरली पाती आता निवृत्त होऊ लागली आहेत आणि त्यांचे काय करावे, हा प्रश्न जगभर पडला आहे. काही जण ती दळून सिमेंटच्या भट्टीत घालतात. संधी सोडविणे अवघड, समास सोडविणे सोपे, असे मी वर्गात सांगत आलो. या एका ठिकाणी माझी उपमा पार उलटते.

भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणून नव्या मुलांना त्या आजाराने कॅलिपर लागत नाही. पण माझ्या पिढीतील ज्यांना तो झाला, ते अजून चालत आहेत, आणि वय वाढले तसे त्यांचे उरलेले स्नायूही थकत आहेत.

माझा तो वर्गमित्रही हलके साधन मिळेल या आशेने रुग्णालयात गेला होता. डॉक्टरांनी तपासले आणि नकार दिला. इतक्या वर्षांत त्याचा गुडघा थोडा वाकलेल्या स्थितीतच आखडला होता. गुडघा पुरता सरळ होत नसेल, तर जमिनीचा रेटा त्याच्या पुढून नेता येत नाही. मांडीपर्यंतचा आधार लागतोच. तो हिरमुसला होऊन घरी आला. दोन वर्षांनी त्याला कार्बनतंतूंचा लांब कॅलिपर मिळाला. मांडीचे कवच वेगळे, नडगीचे वेगळे, वजन पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. गुडघ्याची बिजागरी मात्र धातूचीच राहिली. ती कवचाला जोडण्यासाठी भोके पाडावी लागतात, भोक पाडले की तंतू तुटतात, म्हणून त्या जागी कारागिराने थर दुप्पट दिले आहेत, हे त्याने मला पँट वर करून दाखविले.

आज तो डावीकडे तिसऱ्या रांगेत बसला आहे. फरशीवर आता आवाज येत नाही. फक्त उठताना खिट्टी बसल्याची एक बारीकशी टिचकी ऐकू येते.